खपली गव्हाचा न सांगितला जाणारा गुण

पुण्या-मुंबईच्या किराणा दुकानांत आता नेहमीच्या गव्हाच्या पोत्यांशेजारी एक वेगळा कप्पा दिसतो. त्यात लालसर, लांबट दाण्यांचा खपली गहू असतो, त्याचे पीठ असते, रवा असतो, शेवया असतात. भाव साध्या गव्हाच्या कितीतरी वर. पाकिटांवर ‘शुगर-फ्री’, ‘ग्लूटेन-फ्री’, ‘मधुमेहींसाठी वरदान’, ‘हजारो वर्षांत न बदललेला’ असे शब्द छापलेले असतात. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत तर लोकवन-शरबतीला विष आणि खपलीला औषध ठरवून टाकलेले असते.

यातल्या काही दाव्यांत थोडे तथ्य आहे, काहींत अजिबात नाही, आणि एक दावा तर काही घरांत थेट आजारपण आणू शकतो. गंमत अशी, की ज्या गुणामुळे खपलीचे नाव गेली शंभर वर्षे जगभरच्या गहू संशोधनात घेतले जाते, त्याचा उल्लेख यातल्या कुठल्याच दाव्यात नसतो. तो गुण म्हणजे तांबेऱ्याला दाद न देण्याचा.

गव्हाची तीन घराणी

बाजारात आपण गहू नावाने ओळखतो. लोकवन, शरबती, बन्सी, खपली ही नावे घरोघरी ठाऊक असतात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मात्र यातले सगळे एका जातीचे नाहीत. लोकवन आणि शरबती हे ‘ब्रेड व्हीट’ म्हणजे पोळी-पावाचे गहू. (लोकवन हे नाव खरे तर ‘लोक-१’ या वाणाचे. गुजरातमधल्या सणोसरा इथल्या लोकभारती संस्थेत तो तयार झाला आणि बाजारात ‘लोक-वन’चा लोकवन झाला.) बन्सी हा ड्युरम गटातला कडक दाण्याचा गहू. रवा, शेवया, पास्ता यांसाठी तो नावाजलेला. खपली हा तिसरा. त्याला इंग्रजीत एमर आणि शास्त्रीय भाषेत डायकोकम म्हणतात.

या तिघांतला मुख्य फरक गुणसूत्रांचा आहे. खपली आणि बन्सीच्या पेशीत २८ गुणसूत्रे असतात, तर पोळीच्या गव्हात ४२. याचे कारण त्यांच्या जन्मकथेत आहे. पश्चिम आशियात लाखो वर्षांपूर्वी दोन रानगवतांचा संकर होऊन रानटी एमर तयार झाला. हा रानटी पूर्वज आजही तिथे उगवतो. १९०६ मध्ये आरॉन आरॉनसोन या कृषिशास्त्रज्ञाला तो तेव्हाच्या पॅलेस्टाइनमध्ये सापडला. साधारण दहा हजार वर्षांपूर्वी माणसाने या गवताची शेती सुरू केली आणि त्यातून लागवडीचा एमर, म्हणजे खपलीचे घराणे, उभे राहिले. पुढे अशाच लागवडीच्या गव्हाचा आणखी एका रानगवताशी संकर झाला. त्या तिसऱ्या गवताची १४ गुणसूत्रे जोडली गेली आणि ४२ गुणसूत्रांचा पोळीचा गहू जन्माला आला.

तीन पूर्वजांचा वारसा एकत्र आल्यामुळे पोळीच्या गव्हाचा जनुकसंच अवाढव्य आहे. त्यात सुमारे १६ अब्ज अक्षरे आहेत, म्हणजे माणसाच्या जनुकसंचाच्या पाचपट. तो वाचायला आंतरराष्ट्रीय गटाला बरीच वर्षे लागली आणि २०१८ मध्ये संपूर्ण आराखडा प्रसिद्ध झाला. त्यात एक लाख सात हजारांहून अधिक जनुके नोंदवली गेली. या कामातल्या ‘२ए’ या गुणसूत्राची जबाबदारी भारतीय शास्त्रज्ञांनी पार पाडली होती.

या वंशावळीवरून दोन गैरसमज दूर होतात. पहिला असा, की लोकवन ‘जनुकीय फेरफार’ केलेला आहे. भारतात असा एकही गहू शेतात व्यापारी लागवडीखाली नाही. लोकवन, शरबती हे संकर आणि निवड या जुन्या पद्धतीने तयार झाले आहेत. दुसरा गैरसमज म्हणजे खपली हजारो वर्षांत बदललेली नाही. शेतकऱ्याने दरवर्षी बियाण्यासाठी चांगली कणसे बाजूला काढली तेव्हापासून ती बदलतच आली आहे. आज शेतात असलेल्या खपलीत संशोधन केंद्रांनी सुधारलेले वाणही आहेत. त्यात कमीपणा काहीच नाही, पण पाकिटावरचे ‘न बदललेला’ हे विशेषण खरे नाही.

सडल्याशिवाय न सुटणारा दाणा

पोळीचा गहू मळला की दाणा टरफलातून अलग होतो. खपलीचे तसे नाही. मळणीत तिच्या कणसाचे तुकडे होतात, पण दाणा टरफलात घट्ट बसून राहतो. तो उखळात किंवा यंत्रावर सडावा लागतो. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर या पट्ट्यात आणि लगतच्या उत्तर कर्नाटकात पूर्वी घरच्या उखळात ओलसर करून खपली सडली जाई. तिची गूळ-खोबरे घातलेली खीर, जिला हुग्गीही म्हणतात, सणावाराला आणि जत्रेच्या जेवणाला आजही लागते. रवा, शेवया, सांज्याच्या पोळ्या यांनाही खपली लागे. बाळंतिणीला खपलीच्या रव्याची खीर देण्याची पद्धत अनेक घरांत आहे. कर्नाटकात हिला जवे गोधी म्हणतात, तमिळनाडूत सांबा.

मग ती मागे का पडली? सडण्याची मेहनत हे एक कारण. दुसरे म्हणजे तिची उंच काडी. खत-पाणी जास्त झाले की पीक लोळते. १९६०च्या दशकात मेक्सिकोहून आलेल्या बुटक्या गव्हांनी उत्पादनाचे गणितच बदलले. १९६६ मध्ये भारताने १८ हजार टन बियाणे आयात केले आणि त्यानंतर कल्याणसोना, सोनालिका हे वाण देशभर पसरले. त्यांची पोळी मऊ होई, मळणी सोपी होती आणि भरपूर खत घातले तरी पीक उभे राही. उपाशी देशाला तेव्हा याच गव्हाची गरज होती. खपली मात्र काही तालुक्यांपुरती, सणापुरती उरली.

आता ती आरोग्याच्या नावाने परत येत आहे. म्हणून तिच्याविषयीचे दोन मोठे दावे तपासून पाहणे गरजेचे आहे.

ग्लूटेनचा धोकादायक गोंधळ

ग्लूटेन म्हणजे गव्हातल्या प्रथिनांचे जाळे. कणीक मळताना ती ताणली जाते, पोळी फुगते, पाव जाळीदार होतो, ते या जाळ्यामुळे. खपलीतही ग्लूटेन असते. तिचे जाळे कमकुवत असते, त्यामुळे तिची पोळी लवकर तुटते आणि पाव फारसा फुगत नाही. पण जाळे कमकुवत असणे आणि ग्लूटेन नसणे यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

हा फरक ज्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे ते म्हणजे सिलिअ‍ॅक रोगाचे रुग्ण. या आजारात ग्लूटेनचे तुकडे लहान आतड्यात पोचले की शरीराची प्रतिकारशक्ती आतड्याच्या अस्तरावरच हल्ला करते. अन्न शोषणारे बारीक केसर झिजतात. जुलाब, पोट फुगणे, मुलांची वाढ खुंटणे, औषध घेऊनही न सुधारणारा रक्तक्षय, हाडे ठिसूळ होणे अशा रूपांत तो दिसतो.

गव्हाशी असलेले त्याचे नाते उलगडले ते नेदरलँड्समध्ये. विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाला युद्धाआधीच गव्हाचा संशय होता. १९४४-४५च्या दुष्काळी हिवाळ्यात पाव मिळेनासा झाला, तेव्हा एरवी खंगणारी सिलिअ‍ॅकची मुले सुधारली. पाव परत आला आणि ती पुन्हा आजारी पडली. डिके यांनी पुढे काळजीपूर्वक आहारप्रयोग करून १९५० मध्ये आपला प्रबंध सादर केला. आजही या रोगावर प्रस्थापित इलाज एकच आहे: ग्लूटेन असलेले धान्य आयुष्यभर बंद.

भारतात हा आजार दुर्मीळ समजला जाई. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर भारतातल्या पाहणीत मात्र साधारण शंभरात एक माणूस या आजाराचा आढळला. त्यानंतरच्या एका पाहणीत उत्तरेत प्रमाण जास्त आणि दक्षिणेत फारच कमी दिसले. महाराष्ट्र गहू-ज्वारी-तांदूळ असे मिश्र खाणारा. त्यामुळे इथे हा रोग नाहीच, असे समजून चालत नाही.

खपलीच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे. सिलिअ‍ॅकमध्ये प्रतिकारशक्तीला सर्वाधिक चिथावणारा प्रथिनाचा एक लांब तुकडा पोळीच्या गव्हाला त्या तिसऱ्या रानगवताकडून मिळाला आहे. खपलीत ती १४ गुणसूत्रे नसल्याने हा तुकडाही नसतो. पण रोगाला चिथावणारे दुसरे अनेक तुकडे तिच्यात असतातच. म्हणून सिलिअ‍ॅकच्या रुग्णासाठी खपली हा गहूच आहे आणि तो वर्ज्य आहे. भारतातल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणण्यासाठी पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. कुठल्याही गव्हाचे पीठ, खपलीचेसुद्धा, या मर्यादेत बसू शकत नाही.

‘नव्या गव्हात ग्लूटेन वाढवले, म्हणून हे आजार आले’ हे वाक्यही वारंवार ऐकू येते. अमेरिकेतल्या गव्हाच्या विसाव्या शतकातल्या नोंदी तपासणारा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पैदाशीमुळे ग्लूटेनचे प्रमाण वाढल्याचा पुरावा मिळाला नाही.

आणखी एक सूचना इथे महत्त्वाची आहे. गव्हाने त्रास होतो अशी शंका असेल, तर आधी गहू बंद करून मग तपासणीला जाऊ नये. सिलिअ‍ॅकची रक्तचाचणी आणि आतड्याची तपासणी गहू आहारात असतानाच खरे उत्तर देते. गहू सोडल्यावर काही काळाने चाचणी ‘ठीक’ येऊ शकते आणि निदान लांबते. निदान झालेल्या रुग्णाला ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरई, राजगिरा ही धान्ये चालतात. पण गव्हानंतर त्याच गिरणीत दळलेल्या ज्वारीच्या पिठात गव्हाचे पीठ मिसळते, तेही टाळावे लागते. महाराष्ट्रात घरी करतात त्या सातूच्या पिठातही बहुधा भाजलेला गहू असतो, हे विसरून चालत नाही.

मधुमेह: थोडे तथ्य, मोठी जाहिरात

‘शुगर-फ्री’ हा शब्द खपलीला लावणे म्हणजे निव्वळ दिशाभूल. शंभर ग्रॅम गव्हात साधारण ६५ ते ७० ग्रॅम कर्बोदके असतात, मग तो लोकवन असो की खपली. पचनानंतर त्यांची साखरच होते. प्रश्न असतो तो ती रक्तात किती वेगाने येते याचा.

याबाबत धारवाडच्या कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी काम केले आहे. मधुमेहींच्या आहारात नेहमीच्या गव्हाऐवजी काही आठवडे खपली दिल्यावर रक्तातली साखर आणि चरबी यांत घट झाल्याचे त्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नोंदवले. खपलीत प्रथिने आणि तंतुमय भाग चांगला असतो, दाणा कडक असतो, हे पाहता असा परिणाम अशक्य नाही. पण हा लहान प्रमाणावरचा अभ्यास होता. औषध कमी करावे किंवा थांबवावे असे त्यावरून म्हणता येत नाही.

शिवाय धान्य कोणत्या रूपात खाल्ले, यानेही फरक पडतो. भरड दलिया किंवा जाड रवा सावकाश पचतो. तोच दाणा मैद्यासारखा बारीक दळला तर स्टार्च लवकर मोकळा होतो. खपलीची भरपूर गूळ घातलेली खीर वाटीभर खाल्ली, तर गव्हाच्या जातीने साखर आवरली जाणार नाही. ताटात पोळ्या किती, सोबत डाळ-उसळ-भाजी किती, हा हिशेब खपलीलाही लागू आहे. ज्याला चव आवडते, परवडते आणि ग्लूटेनचा त्रास नाही, त्याने खपली जरूर खावी. नेहमीच्या गव्हाची कोंड्यासकट पोळी खाणाऱ्याने मात्र आपण काही विषारी खातो असे मानायचे कारण नाही.

शेतातला लाल धुरळा

आता त्या गुणाकडे, ज्याची जाहिरात होत नाही.

तांबेरा हा गव्हाचा सर्वांत जुना आणि सर्वांत भयंकर शत्रू. महाराष्ट्रात त्याला गेरवाही म्हणतात. ही एक बुरशी आहे. तिचे तीन प्रकार आहेत: खोडावर येणारा काळा, पानावरचा नारिंगी आणि पट्ट्यापट्ट्यांनी येणारा पिवळा. पिवळ्याला थंडी लागते, त्यामुळे तो उत्तरेकडचा. महाराष्ट्रासारख्या उबदार हिवाळ्याच्या प्रदेशात काळ्या आणि नारिंगी तांबेऱ्याची भीती. पानाखोडावर पुरळासारखे फोड येतात, ते फुटले की विटकरी रंगाची पूड उडते. शेतातून चालणाऱ्याच्या धोतराला ती लागते. ही पूड म्हणजे बुरशीचे बीजाणू. एका फोडातून हजारो बीजाणू बाहेर पडतात आणि अनुकूल हवेत साधारण दोन आठवड्यांत नवी पिढी तयार होते. दाण्यात जायचे अन्न बुरशी खाते आणि कणसात सुरकुतलेला दाणा उरतो. १९४६-४७ मध्ये मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याची अशीच मोठी साथ आली होती.

एक कोडे शास्त्रज्ञांना बराच काळ सतावत होते. तांबेऱ्याची बुरशी जिवंत झाडावरच जगते. मैदानी प्रदेशात एप्रिलनंतर गहू नसतो आणि मे महिन्याच्या उन्हात बीजाणू मरतात. मग पुढच्या हिवाळ्यात रोग येतो कुठून? युरोप-अमेरिकेत याचे उत्तर बारबेरी या झुडपात सापडले होते. बुरशी आपल्या जीवनचक्राचा एक भाग त्या झुडपावर काढते. म्हणून अमेरिकेने १९१८ पासून बारबेरी उपटण्याची मोठी मोहीम चालवली.

भारतात हे कोडे सोडवले आग्रा कॉलेजमधल्या करमचंद मेहता यांनी. १९२०च्या दशकापासून त्यांनी डोंगराळ आणि मैदानी भागांत वर्षानुवर्षे पाहणी केली. भारतातल्या साथींत बारबेरीचा वाटा नाही, हे त्यांनी दाखवले. उन्हाळ्यात बुरशी थंड डोंगरांवरच्या गव्हावर तग धरते आणि तिथून वाऱ्याने मैदानात उतरते. उत्तरेला हिमालय आणि दक्षिणेला निलगिरी-पलनी हे तिचे आश्रयस्थान.

पुढे १९७०च्या दशकात एस. नागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रवासाचा माग काढला. बंगालच्या उपसागरातली हिवाळ्याच्या तोंडावरची चक्रीवादळे निलगिरीवरचे बीजाणू उचलतात, उत्तरेकडे वाहून आणतात आणि मध्य भारतात पडणाऱ्या पावसाबरोबर ते पिकावर उतरतात. उपग्रहांच्या ढगचित्रांची मदत घेऊन त्यांनी हा मार्ग मांडला. म्हणजे तमिळनाडूच्या डोंगरावरची बुरशी आणि विदर्भ-मध्य प्रदेशातले गव्हाचे शेत यांना जोडणारा धागा नोव्हेंबरचे वादळ हा असतो.

याच कारणाने निलगिरीतल्या वेलिंग्टनला गहू संशोधनाचे केंद्र आहे आणि महाबळेश्वरला गहू गेरवा संशोधन केंद्र. स्ट्रॉबेरीसाठी महाबळेश्वरला जाणाऱ्या अनेकांना ते ठाऊकही नसते. तिथल्या थंड, दमट हवेत गव्हाच्या वाणांवर मुद्दाम तांबेरा सोडून कोणता टिकतो, हे पाहिले जाते.

खपलीची जगयात्रा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एल्विन स्टॅकमन हे शास्त्रज्ञ तांबेऱ्यावर काम करत होते. एका गव्हाला आजारी पाडणारी बुरशी शेजारच्या गव्हाला काहीच करत नाही, असे त्यांना दिसले. म्हणजे बुरशी एकच असली, तरी तिच्या अनेक जाती-उपजाती होत्या. त्या ओळखण्यासाठी १९२२ मध्ये त्यांनी मोझेस लेव्हिन यांच्यासह बारा गव्हांचा एक संच ठरवला. या बारांवर बुरशी टाकायची, कोणता पडतो आणि कोणता तगतो ते पाहायचे आणि त्यावरून तिची उपजात ओळखायची. जगभरच्या प्रयोगशाळांनी ही पद्धत उचलली. त्या बारांतल्या एका गव्हाचे नाव होते ‘खपली’. भारतातून गेलेले बियाणे त्याच नावाने नोंदवले गेले होते. त्या काळी माहीत असलेल्या काळ्या तांबेऱ्याच्या बहुतेक उपजाती खपलीपुढे हतबल ठरत.

साहजिकच तिची ताकद पोळीच्या गव्हात आणण्याचे प्रयत्न सुरू झाले. हे सोपे नव्हते. २८ आणि ४२ गुणसूत्रांच्या झाडांचा संकर केला की बहुतेक संतती वांझ निघते. ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठातल्या वॉल्टर वॉटरहाउस यांनी स्टाइनवेडेल नावाच्या स्थानिक गव्हाशी खपलीचा संकर साधला. त्यातून निघालेल्या गव्हाला दोघांची नावे जोडून त्यांनी नाव दिले ‘खपस्टाइन’. खपलीतली प्रतिकारक जनुके पुढे एकेक करून ओळखली गेली. त्यातली एसआर-१३ आणि एसआर-१४ ही महत्त्वाची. पास्त्यासाठी पिकवल्या जाणाऱ्या उत्तर अमेरिकेतल्या अनेक ड्युरम वाणांत आज एसआर-१३ आहे.

या जनुकाचे मोल नव्याने कळले ते युगांडातल्या एका घटनेनंतर. १९९८-९९ मध्ये तिथे काळ्या तांबेऱ्याची एक नवी उपजात सापडली. तिला ‘युजी-९९’ म्हणतात. राय या धान्याकडून गव्हात आणलेले एसआर-३१ हे जनुक तोवर जगातल्या कित्येक वाणांचे कवच होते. भारतात एकेकाळी लाखो हेक्टरवर असलेल्या पीबीडब्ल्यू-३४३ या वाणातही ते होते. युजी-९९ने ते कवच भेदले. ती केनिया, इथिओपिया, सुदान, येमेन करत इराणपर्यंत पोचली. हरितक्रांतीचे जनक नॉर्मन बोरलॉग तेव्हा नव्वदीत होते. त्यांनी २००५ मध्ये जगाला सावध केले आणि देशोदेशीचे शास्त्रज्ञ एकत्र आले. भारतात ती आलेली नाही, पण भारतीय वाण केनियात नेऊन तिच्यासमोर तपासले गेले.

युजी-९९ला रोखणाऱ्या थोडक्या जनुकांत एसआर-१३ हे एक ठरले. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियात होर्हे दुबकोव्स्की यांच्या गटाने हे जनुक नेमके वेगळे काढून त्याची रचना उलगडली. ते पेशीतल्या पहारेकऱ्यासारखे प्रथिन बनवते. बुरशीची चाहूल लागताच हे प्रथिन इशारा देते आणि पेशी बचावाला लागते. उबदार हवेत ते अधिक चांगले काम करते, असेही दिसले आहे.

एकच कुलूप पुरत नाही

मात्र खपलीचे जनुक मिळाले म्हणून लढाई संपत नाही. एसआर-१३ला चकवणाऱ्या उपजातीही इथिओपियात सापडल्या आहेत. बुरशी सतत बदलते. एकाच जनुकाचे वाण लाखो एकरांवर पेरले, की ते एक कुलूप उघडणाऱ्या उपजातीला सगळी घरे मोकळी होतात. म्हणून आता एका वाणात दोन-तीन जनुके एकत्र आणली जातात आणि वेगवेगळ्या भागांत वेगवेगळे वाण देण्यावर भर असतो. भारतात काळ्या तांबेऱ्याची देशव्यापी साथ कित्येक दशके आली नाही, याचे श्रेय या सततच्या कामाला आहे. हे काम दिसत नाही, कारण ते यशस्वी झाले की काहीच घडत नाही.

या कामाला कच्चा माल लागतो आणि तो मिळतो खपलीसारख्या जुन्या पिकांतून. बियाणे बँकेत शीतपेटीत ठेवलेले बी महत्त्वाचे आहेच, पण ते गोठलेल्या अवस्थेत असते. शेतातली खपली दरवर्षी ऊन, पाऊस, रोग यांना तोंड देत बदलत राहते. ती शेतात राहण्यासाठी शेतकऱ्याला परवडली पाहिजे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काढलेला एमएसीएस-२९७१ आणि धारवाडच्या विद्यापीठाने काढलेला डीडीके-१०२९ हे वाण त्यासाठीच आहेत. त्यांची काडी ठेंगणी, त्यामुळे पीक लोळत नाही आणि उत्पादन वाढते. मात्र खपलीचा खपलीपणा कायम राहतो.

इथेच शहरातल्या ग्राहकाचा संबंध येतो. वाढलेल्या मागणीमुळे सांगली-बेळगावच्या शेतकऱ्याला खपली पुन्हा पेरावीशी वाटते, ही चांगली गोष्ट आहे. पण खोट्या दाव्यांवर उभी राहिलेली मागणी टिकत नाही. ‘साखर उतरेल’ म्हणून महाग पीठ घेणाऱ्याची साखर उतरली नाही, तर तो वर्षभरात दुसऱ्या कुठल्या धान्याकडे वळेल. ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणून सिलिअ‍ॅकच्या मुलाला खपलीची पोळी दिली, तर त्याच्या आतड्याचे नुकसान होईल. दोन्हींत खपलीचे नाव खराब होईल आणि शेतकरी पुन्हा एकटा पडेल.

खपलीची खीर चवीला उत्तम लागते, तिचा रवा मोकळा होतो, शेवया तुटत नाहीत, एवढी कारणे तिला स्वयंपाकघरात ठेवायला पुरेशी आहेत. गोळी-इन्सुलिनचा निर्णय डॉक्टरांवर सोडावा आणि ग्लूटेन वर्ज्य असलेल्यांनी तिला गहूच समजावे. बाकीच्यांनी ती आवडीने खावी. जे गहू जगभर नेहमी खाल्ले जातात, त्यांतल्या काहींना तांबेऱ्यापासून वाचवणारे जनुक कृष्णाकाठच्या शेतांत उभ्या असलेल्या याच घराण्यातून गेले आहे.